गाडी सहा महिने झोपवायची आहे : धुणं, पुसणं आणि मीठ

मिठागर (धागाकर्ता) | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

काल सकाळी अंगणातल्या गवतावर पांढरा थर दिसला आणि पोटात गोळा आला. डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथे नोव्हेंबर लागला की मिठाचे ट्रक कधी रस्त्यावर येतील याचा नेम नाही, आणि एकदा मीठ पडलं की माझी तांबडी गाडी थेट एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये. गाडी म्हणजे २००२ची माझदा मियाटा. दोन सीट, उघडणारा टप, हाताचे गिअर. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे फरारी येते त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

यंदा गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत तिघांनी विचारलं, की थंडीत गाडी ठेवण्याआधी तू नक्की करतोस तरी काय? रांगेत सांगायला गेलो तर मागचे लोक पुढे निघून गेले. म्हणून हा धागा.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. पहिल्या वर्षी दोन शनिवार-रविवार खर्चून गाडी अशी चमकवली, की बायको म्हणाली आता घरातला आरसा काढला तरी चालेल. मशीनने पॉलिश, वर मेण, काचांना वेगळं रसायन, सगळा साग्रसंगीत कार्यक्रम. एप्रिलमध्ये कव्हर काढलं तेव्हा चमक जशीच्या तशी होती. सीटमागच्या कार्पेटवर सहज हात टेकला आणि तळवा ओला झाला.

गाडी पाच महिने छपराखाली होती. मग पाणी आलं कुठून? तर ते मीच घातलं होतं, ऑक्टोबरात धुताना. मियाटाच्या टपावरून येणारं पाणी मागच्या काचेखालच्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही सीटच्या मागे एकेका भोकात जातं आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. माझी उजवीकडची वाट पानांच्या चोथ्याने गच्च बुजलेली होती. पाणी कार्पेटखालच्या स्पंजात शिरलं आणि हिवाळाभर तिथेच गोठत-वितळत राहिलं. दाराखालच्या पत्र्यावर, अगदी मागच्या चाकापाशी, रंगाखाली एक फोड आला होता. वाटाण्याएवढा. नखाने दाबला तर नख आत गेलं. पुढे तो पत्रा कापून नवा जोडावा लागला आणि गाडीच्या किमतीच्या जवळपास चौथाई पैसे त्यात गेले.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. चमक सगळ्यात शेवटी.

पहिलं काम पाण्याच्या वाटा. सीट पुढे सरकवायची, मागचं कार्पेट उचलायचं, भोकात गवत कापायच्या यंत्राची प्लास्टिकची दोरी हळूहळू घालायची. लोखंडी तार नको. खाली रबराचं तोंड असतं, ते निसटतं किंवा फाटतं. मग पाण्याची बाटली घेऊन पन्हळीत धार सोडायची आणि खाली वाकून बघायचं. दोन्ही बाजूंनी सारखी धार पडली पाहिजे. गेल्या वर्षी डावीकडून धार आणि उजवीकडून थेंब थेंब. दोरी तीन वेळा घातल्यावर काळा चिखल बाहेर आला, त्यात मेपलच्या बियांचे ते भिरभिरे पंखसुद्धा होते.

दुसरं, गाडीचं पोट. जॅक लावून स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, कृपा करून), चारही चाकं काढायची. मडगार्डच्या आतल्या बाजूला पत्र्याची कड दुमडलेली असते, तिच्यामागे बोट फिरवा. सुकलेली माती, वाळू, पानं निघतात. तो ऐवज वर्षभर ओल धरून बसतो. पाणी मारायचं ते कमी दाबाने आणि भरपूर वेळ. माती विरघळू द्यायची. जोराच्या फवाऱ्याने ती आणखी आत जाऊन बसते.

चाकांवर ब्रेकची काळी पूड भाजून बसलेली असते. तिच्यावर लोह विरघळवणारं द्रावण मारलं की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. बघायला मजा येते, पण वास! बायकोने लगेच ओळखला. केस कुरळे करायच्या औषधाचा. द्रावणाच्या बाटलीवर वाचलं तर खरंच, दोन्हीत थायोग्लायकोलेट.

अंग धुताना दोन बादल्या : एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. नाहीतर बॉनेटवरची वाळू दारांवर घासली जाते. वरून खाली धुवायचं, खालची पट्टी सर्वात शेवटी. धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून बारीक रव्यासारखा लागतो. तो रवा मातीच्या वडीने (क्ले बार, रंगावरून फिरवायची मऊ चिकट वडी) निघतो. भरपूर साबणपाणी, हलका हात, आणि वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची. त्यानंतर मी पॉलिश करत नाही. सहा महिने कुणी बघणार नाही अशा गाडीचा रंग कशाला झिजवायचा? एक पातळ सीलंट (रंगावरचा मेणासारखा संरक्षक थर), बस.

आणि वाळवणं! पानं उडवायचा ब्लोअर घेऊन आरशांच्या मागे, दिव्यांच्या फटीत, दारांच्या रबरांत, पेट्रोलच्या झाकणाखाली हवा मारायची. मग कोरड्या रस्त्यावर अर्धा तास फिरवून आणायची. ब्रेक तापतात, राहिलेलं पाणी उडतं. ओल्या ब्रेकनिशी ठेवलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि पॅड चिकटतात.

टप मऊ ब्रशने धुवून, पूर्ण वाळवून, चढवलेलाच ठेवायचा. घडी घालून ठेवला तर थंडीत घडीवरच चिरतो.

आतून व्हॅक्यूम. ग्लोव्हबॉक्समध्ये गेल्या दिवाळीचा चिवडा सापडला, सुटा. यावरून पहिला प्रश्न : उंदरांचं तुम्ही काय करता? दुसरा : मधूनमधून इंजिन चालू करता का?

---

शंकेखोर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

छान लिहिलंय, पण प्रामाणिक शंका. एवढं कशाला? आमच्या सोसायटीत (कोथरूड) एक गाडी कित्येक वर्षं कव्हरखाली उभी आहे. तिच्यावर मांजरीची तिसरी पिढी वाढतेय. मालक म्हणतात, चालू होईल कधीही.

---

मिठागर (धागाकर्ता) | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

@शंकेखोर, ती चालू होताना व्हिडिओ काढा.

थट्टा सोडून. पुण्याच्या रस्त्यावर मीठ नसतं हा मोठा फरक. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर जाडं मीठ पसरतात. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंत नीट काम करतं. त्याखाली पारा गेला की त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, किंवा त्याचं पाणी आधीच रस्त्यावर मारून ठेवतात. हे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल स्वतःकडे ओढतं. म्हणजे तुमच्या गाडीच्या पोटाला लागलेला लेप कधी पुरता सुकतच नाही. सततचं ओलं मीठ आणि उघडा पत्रा, पुढचं सांगायला नको.

गंमत म्हणजे हे मीठ बाहेरून आणायलाही नको. डेट्रॉइट शहराच्या खाली अकराशे फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, शंभर वर्षांहून जुनी. आम्ही मिठाच्या खडकावर राहतो आणि वरून परत मीठ फासतो. माझं इथलं टोपणनाव त्यावरूनच.

---

पिस्टनपंत | १३ ऑक्टोबर, रात्री ११.५०

ओंटारिओतून. धागाकर्त्याने धुण्यावर निबंध लिहिला आणि इंजिनाला एक ओळही दिली नाही, म्हणून भर घालतो. मीही मियाटावालाच, १९९०ची, उघडमीट करणाऱ्या दिव्यांची. (१९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चाळीसगावात सायकलला डायनॅमो बसवत होतो.)

ऑइल ठेवण्याआधी बदला, काढल्यावर नको. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, ते हिवाळाभर बेअरिंगांना कशाला पाजायचं?

पेट्रोल : इकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. टाकी जवळजवळ पूर्ण भरा म्हणजे आत हवा कमी राहते. स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध) पंपावरच घाला आणि मग घरी या. घरी येऊन ओतलंत तर औषध टाकीतच राहतं, इंजेक्टरपर्यंत पोचत नाही. मी एकदा हेच केलं होतं.

बॅटरी : पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७-८ अंशांनाच गोठू शकते आणि फुगून फुटते. पूर्ण चार्ज असलेली उणे ५० लाही टिकते. म्हणजे आपल्याकडच्या थंडीत प्रश्न बॅटरीच्या वयाचा कमी आणि पोट भरलेलं आहे का याचा जास्त. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ दिसलं की चार्ज करा. मेंटेनर (बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर) लावून ठेवा, साधा चार्जर सतत लावू नका. आपल्या दोघांच्या गाडीत बॅटरी डिकीत असते, तेव्हा वायर डिकीच्या रबरातून बाहेर काढताना चेमटणार नाही असं बघा.

टायर : हवा रोजच्यापेक्षा ८-१० पौंड जास्त, पण टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. पारा ५-६ अंश उतरला की एक पौंड हवा आपोआप कमी होते. एकाच जागी चार-पाच महिने उभं राहिल्याने टायरला सपाट डाग पडतो तो यामुळे कमी होतो.

आणि हे ठळक अक्षरात वाचा : उन्हाळी टायर असतील तर उणे ७च्या खाली गाडी जागची हलवूसुद्धा नका. ते रबर थंडीत काचेसारखं कडक होतं आणि तडे जातात. बर्फ काढायचा पंखा बाहेर काढायचाय म्हणून माझ्या शेजाऱ्याने जानेवारीत गाडी दहा फूट ढकलली. मार्चमध्ये दोन टायरांच्या खाचांत तडे दिसले.

हॅन्डब्रेक सोडून ठेवा. गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

---

उणे_तीस | १४ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

मिनिआपोलिसहून. माझी कॉर्व्हेट आहे. (माझी. नवऱ्याची नव्हे. हा प्रश्न पेट्रोल पंपावर दर वेळी येतो म्हणून आधीच लिहून टाकते.)

उंदीर! माझा विषय.

तीन वर्षांपूर्वी भाड्याच्या गाळ्यात गाडी ठेवली होती. वसंतात पंखा चालू केला आणि जाळीतून माझ्या मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची सालं, कापसाचे धागे आणि एक वास आला. तो वास तीन महिने गेला नाही. केबिनच्या फिल्टरमागे घरटं होतं. कापूस कुठला म्हणाल तर बॉनेटच्या आतल्या अस्तराचा. आमच्या गाडीचा कापूस काढून आमच्याच गाडीत गादी केली होती बाईसाहेबांनी.

त्यानंतरचा माझा शिरस्ता. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो हे धरून चालायचं. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या नळीत स्टीलच्या काथ्याचे बोळे. भिंतीच्या कडेने सापळे. उंदीर मोकळ्या मैदानातून जात नाही, भिंतीला घासून जातो. गॅरेजमध्ये पक्ष्यांचे दाणे आणि गवताचं बी ठेवायचं नाही, असेल तर पत्र्याच्या डब्यात. पुदिन्याचं तेल मीही वापरलं. पहिले पंधरा दिवस गॅरेजला चटणीसारखा वास येतो, नंतर उंदरांनाही सवय होते.

वायरी कुरतडतात त्यावर होंडा कंपनी एक चिकटपट्टी विकते, तिच्यात मिरचीचं तिखट असतं. मी मोक्याच्या वायरींवर गुंडाळली आहे. गुंडाळताना डोळ्याला हात लावू नका, लवंगी मिरची चिरल्यासारखं होतं.

चिवड्याबद्दल : सुटा चिवडा गाडीत म्हणजे उंदरांना आमंत्रणपत्रिका, अक्षतांसकट.

---

चाकोरीबाहेर | १४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

+१ उणे_तीस. "बाईसाहेबांनी" वाचून चहा सांडला.

---

जुनाजाणता | १४ ऑक्टोबर, रात्री ९.००

इंजिनाच्या प्रश्नावर. आमचे वडील नाशिकला पद्मिनी बाळगून होते. कुठे जायचं असो-नसो, दर रविवारी गाडी चालू करून दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची. "यंत्राला गंज चढतो तो बसून राहिल्याने" हे त्यांचं ठाम मत. गाडी बावीस वर्षं चालली. म्हणून मी म्हणेन, आठवड्यातून एकदा चालू करावीच.

---

पिस्टनपंत | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

@जुनाजाणता काका, वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून, नाशिकचा रविवार आणि ओंटारिओचा जानेवारी यांत चाळीस अंशांचा फरक आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंडीत इंजिन चालू केल्यावर सायलेन्सरमधून टपटप पडतं ते हेच. गाडी अर्धा तास पळवली तर सगळं तापतं आणि ती वाफ निघून जाते. जागेवर दहा मिनिटं चालवली तर सायलेन्सर आतून गारच राहतो, वाफ तिथेच थिजते, काही ऑइलमध्येही उतरते. दर रविवारी असं केलं तर हिवाळाभरात वीस वेळा तुम्ही इंजिनाला आतून अंघोळ घातली आणि पुसलं नाही. नीट ठेवलेली गाडी चार-पाच महिने अजिबात चालू न करणं उत्तम.

शिवाय बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, विषारी वायू घरात शिरतो, हे वेगळं.

---

जुनाजाणता | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

पाण्याचा हिशोब माहीत नव्हता. पटलं. पण वडिलांची पद्धत नाशिकपुरती बरोबर होती असं नोंदवून ठेवतो.

---

पिस्टनपंत | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

नाशिकपुरती मान्य. :)

---

रेवदंड्याचा | १६ ऑक्टोबर, रात्री १२.२०

मला गाडीतलं काही कळत नाही, मी बोटींच्या गावचा. पण धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आमच्याकडचं शाकारणं चाललंय.

मे संपत आला की आमच्याकडे होड्या वर ओढतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि दर्याही तेव्हा कुणाला विचारत नाही. मामाची छोटी होडी होती. वर घेतल्यावर मामा तिला आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा, आतून-बाहेरून, दोन-दोनदा. खार राहिला की खिळे खातो म्हणायचा. मग तळातलं बूच काढून ठेवायचं. ते विसरलं तर पावसाचं पाणी होडीतच साचतं आणि होडी आतून कुजते. बूच हरवू नये म्हणून मामी ते देवघरात ठेवायची, शाळिग्रामाशेजारी. खाली ओंडके, म्हणजे तळ जमिनीला टेकत नाही. वरून झापं. झापं ताणून बसवायची नाहीत, खालून वारा खेळला पाहिजे. अलीकडे लोक निळी ताडपत्री गच्च बांधतात आणि ऑगस्टमध्ये आत काळी बुरशी निघते.

तुमची ती सीटमागची भोकं म्हणजे आमचं बूचच झालं की. रंगकाम मात्र नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, दर्यावर जाताना. शाकारताना कुणी होडी रंगवत नाही.

---

मिठागर (धागाकर्ता) | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

@रेवदंड्याचा, अहो, काय लिहिलंत! दोनदा वाचलं. "शाकारताना कुणी होडी रंगवत नाही" हे गॅरेजच्या भिंतीवर लिहून लावतो.

ताडपत्रीवरून आठवलं, कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचंच घ्या, प्लास्टिकचं नको. आणि धुळीच्या गाडीवर कव्हर चढवू नका, ती धूळ मग सँडपेपर होते. सिमेंटच्या जमिनीतून ओल वर येते म्हणून मी गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरतो. म्हणजे प्लास्टिक खाली, कापड वर. बरेच जण नेमकं उलट करतात.

---

कर्वेरोड_ट्रॅफिक | १६ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

अवांतर होईल, पण पावसाळ्याचं विचारू का? मी जुलै-ऑगस्टमध्ये मुलाकडे जातो. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. परत आलो की स्टिअरिंगवर पांढरी बुरशी आणि सीटबेल्टला कुबट वास.

---

उणे_तीस | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४५

अवांतर कसलं? ओल ती ओल.

बुरशी बसते ती घामाच्या आणि तेलकट हातांच्या थरावर. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, दाराच्या मुठी जाण्याआधी सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. त्याच दिवशी वर कसलंही चकाकीचं तेल फासू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसा, वाळेपर्यंत चिमटा लावून बाहेरच ठेवा. पायाखालचे रबरी मॅट काढून घरात नेऊन ठेवा, त्यांच्याखाली सगळ्यात जास्त ओल धरते. ओल शोषणारे डबे मिळतात ते दोन ठेवा, पण कुणाला तरी महिन्याने रिकामे करायला सांगा. त्यात पाणी साचतं आणि सांडलं तर ते पाणी म्हणजे वर धागाकर्त्याने लिहिलेलं कॅल्शियम क्लोराइडच. कार्पेटवर सांडलं तर कार्पेट वाळायचं नाव घेत नाही.

पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानं मात्र हाताने काढून जा. गुलमोहराखाली उभी करत असाल तर दोनदा.

---

कर्वेरोड_ट्रॅफिक | १६ ऑक्टोबर, रात्री ८.१०

गुलमोहराखालीच असते. तुम्हाला कसं कळलं? धन्यवाद, वाचनखूण साठवली.

---

चाकोरीबाहेर | १८ ऑक्टोबर, रात्री १०.००

सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर सीलंट लावायचं का?

---

मिठागर (धागाकर्ता) | १८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

गरज नाही. धुवा, लोहाचं द्रावण मारा, वाळवा, झाका. पण कोटिंग आहे म्हणून खालून धुवायचं टाळू नका. ते कोटिंग वरच्या रंगावर असतं, पोटाला कुणी लावत नाही.

---

मिठागर (धागाकर्ता) | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

झालं एकदाचं. आज ९ अंश होतं, बोटं बधिर झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच उरकायचं. गार पत्र्यावर सीलंट नीट पसरतही नाही आणि पुसताना ओढ घेतं.

बाटलीची परीक्षा : डावी धार, उजवी धार, दोन्ही चोख. नव्या पत्र्याच्या आतल्या पोकळीत रबरी बुचाच्या भोकातून नळी घालून मेणाचा फवारा मारला. तो सांध्यांतून मधासारखा पाझरत होता तेव्हा समाधान वाटलं. खालचं बारीक भोक मात्र त्या मेणाने बुजलेलं दिसलं, ते काडीने मोकळं केलं.

उणे_तीस यांचं ऐकून बोळे घातले. पिस्टनपंतांचं ऐकून पंपावरच औषध ओतलं. विमा कंपनीला फोन करून फक्त चोरी-आग-पडझडीपुरतं संरक्षण ठेवलं, रस्त्यावरचं काढलं. बोलताना त्यांनी बजावून सांगितलं, की पुन्हा चालू करेपर्यंत फाटकाबाहेरही काढू नका.

स्टिअरिंगला एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर लिहिलंय : १) सायलेन्सरचा बोळा २) हवेच्या नळीचा बोळा ३) बॅटरीची वायर ४) टायरची हवा ५) विमा.

---

उणे_तीस | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

पुठ्ठ्याचा फोटो फोनमध्येही ठेवा. आमच्या उंदरांनी एकदा पुठ्ठाच खाल्ला होता.

---

मिठागर (धागाकर्ता) | १९ एप्रिल, दुपारी ४.००

धागा वर काढतो.

मार्चमध्ये दोनदा मोह झाला होता. ऊन पडलं, १५ अंश झालं, शेजारची एक मस्टँग घुमत गेली. पण रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ दिसत होती. दोन-चार चांगले पाऊस पडून ती धुऊन जाईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस झाला. आज काढली.

कव्हर उचललं. बोटाने दारावर रेघ ओढली, धूळ नाही. सीटमागच्या कार्पेटवर आधी तळहात टेकला, मग कार्पेट उचलून खालच्या स्पंजात पेपर नॅपकिन दाबून धरला. कोरडा. दाराखालच्या पत्र्यावरून नख फिरवलं, कुठे फोड नाही. सापळ्यात एक उंदीर होता, गाडीत एकही नाही.

पुठ्ठ्याप्रमाणे एकेक काम केलं. बोळे काढले, वायर काढली, हवा उतरवली, विमा चालू केला. किल्ली फिरवली, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. बायको आणि मुलगी गॅरेजच्या दारात टाळ्या वाजवायला उभ्या. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. थोडं जास्त अॅक्सिलरेटर दिलं, गाडी कण्हली, मागून जळका वास. माझ्या मनात लगेच ब्रेक चिकटले, क्लच गेला, पुन्हा मेकॅनिक, पुन्हा बिल.

मुलगी वाकून बघत म्हणाली, "बाबा, चाकांना लाकडं लावलीत ती काढायची असतात का?"

---

पिस्टनपंत | १९ एप्रिल, संध्याकाळी ५.२५

६) ठोकळे.